कॅज्युअल्टीत बसून हेल्मेटचा अभ्यास करायचा असेल तर: सॅम्पल साइजच्या आधीच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्जरीत पीजी करणाऱ्या एका डॉक्टरांना प्रबंधासाठी दीड वर्ष मिळालंय. कॅज्युअल्टीत येणारा दुचाकी अपघाताचा प्रत्येक पेशंट घ्यायचा, हेल्मेट होतं का विचारायचं, डोक्याला मार आहे का बघायचं आणि काय-स्क्वेअर (दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी टेस्ट) लावायची असा बेत आहे. त्यांना हवंय ते एवढंच, सॅम्पल साइज किती घेऊ आणि टेस्ट कुठली, कारण गाईड म्हणतात लॉजिस्टिक रिग्रेशन (बाकीची कारणं सोबत धरून एकाचा परिणाम मोजणारी पद्धत) कर. आणि जाता जाता एक शेपूट जोडलंय, की हॉस्पिटलजवळच्या चौकात नुकतेच स्पीडब्रेकर झालेत तर त्याचं 'आधी आणि नंतर' हा दुसरा उद्देश म्हणून घेतला तर चालेल का.

डॉक्टर, टेस्टचं उत्तर दोन ओळींत देता येतं आणि खाली देतोच. पण मी वीसेक वर्षं अपघातातल्या इजांचा डेटा गोळा करतोय, आधी स्वतः कॅज्युअल्टीत उभं राहून आणि आता दुसऱ्यांनी गोळा केलेला तपासून, आणि मी बघितलेले बहुतेक प्रबंध टेस्टपाशी कधी अडकले नाहीत, ते अडकले तुलना कुणाशी केली या ठिकाणी. तुमच्या बेतात मला पहिल्यांदा खटकलं ते हे: हेल्मेट घातलेला एक जण पडला, उठला, कपडे झटकले, गाडी उभी केली आणि घरी गेला. हा माणूस तुमच्या कुठल्या रकान्यात बसणार? कुठल्याच नाही. आणि हेल्मेटचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच झालाय. दुसऱ्या टोकाला, बिनहेल्मेटचा एक जण जागेवरच गेला, तो तुमच्या दारातून न येता थेट शवागारात गेला. तोही नाही. म्हणजे हॉस्पिटलचं दार ही चाळणी आहे, वरचेही गळतात, खालचेही गळतात, आणि गळणं हेल्मेटवरच अवलंबून आहे. ही गोष्ट पचवली की बाकी सगळं सोपं आहे.

आकड्यांत बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा हेल्मेट नसलेले १००० जण पडले. त्यातल्या १०० जणांच्या डोक्याला गंभीर मार लागला, २०० जणांचे डोकं सोडून हातपाय मोडले, बाकीचे ७०० खरचटून घरी गेले. हेल्मेट असलेलेही १००० पडले, त्यात डोक्याला मार ४० जणांना, हातपाय मोडलेले तेच २०० (हेल्मेट पायाला काही वाचवत नाही), घरी गेले ७६०. खरी धोक्याची तुलना म्हणजे १०० ला ४०, धोका ०.४ पट. आता तुम्ही कॅज्युअल्टीत बसलात. बिनहेल्मेटवाले तुम्हाला दिसले ३००, त्यात डोक्याचा मार १००, म्हणजे ३३ टक्के. हेल्मेटवाले दिसले २४०, त्यात ४०, म्हणजे १७ टक्के. टक्केवारीची तुलना केलीत तर धोका निम्मा झाला असं लिहाल, ०.५ पट, आणि ते चूक आहे. पण त्याच चार आकड्यांतून ऑड्स रेशो काढा, म्हणजे दोन्ही गटांत डोक्याचा मार आणि हातपायाचा मार यांचं गुणोत्तर काढून त्या दोन गुणोत्तरांची तुलना करा: ४० गुणिले २००, भागिले १०० गुणिले २००, उत्तर ०.४. बरोब्बर खरं उत्तर! ही जादू नाहीये. हातपाय मोडून येणाऱ्यांचं येणं हेल्मेटवर अवलंबून नाही, म्हणून रस्त्यावर पडणाऱ्यांत हेल्मेटचं प्रमाण किती याचा ते प्रामाणिक नमुना ठरतात. म्हणून तुमचा अभ्यास तुम्ही समजताय तसा 'सगळे पेशंट घेतले आणि टक्केवारी काढली' असा नाहीये, तो केस-कंट्रोल अभ्यास आहे, डोक्याचा मार म्हणजे केस आणि डोकं सोडून इतर गंभीर मार म्हणजे कंट्रोल. प्रोटोकॉलमध्ये तसंच लिहा. नाव बदललं की निम्मे आक्षेप परीक्षेच्या आधीच मिटतात.

कंट्रोल म्हणून हातपाय मोडलेलेच का, रस्त्यावरून जाणारे निरोगी लोक का नकोत, हे विचारतील. त्याचं उत्तर असं की हेल्मेट न घालणारा माणूस बऱ्याचदा इतर बाबतीतही बेफिकीर असतो, वेगात असतो, कधी प्यायलेला असतो. वरच्याच उदाहरणात धरा की बिनहेल्मेटवाले जोरात आदळतात आणि त्यांच्यात डोक्याचा मारही दुप्पट, २००, आणि हातपाय मोडणंही दुप्पट, ४००. आता पडलेल्या सगळ्यांची मोजदाद केली तर हेल्मेटने धोका ०.२ पट झाल्यासारखा दिसेल, म्हणजे वेग कमी असण्याचं श्रेय पण हेल्मेटच्या खात्यात गेलं. हातपायवाल्यांशी तुलना केली तर ४० गुणिले ४००, भागिले २०० गुणिले २००, परत ०.४. दोन्ही मार सारख्याच पटीत वाढले तर आदळण्याचा जोर आपोआप बराचसा कटतो. प्रत्यक्षात इतकं स्वच्छ कधी होत नाही, पण दिशा ही आहे. सायकल हेल्मेटवर अमेरिकेत सिएटलला १९८९ साली प्रसिद्ध झालेला जो गाजलेला अभ्यास आहे त्यात म्हणूनच कंट्रोलचे दोन गट होते, एक इमर्जन्सीत आलेले पण डोक्याला न लागलेले, आणि दुसरा त्याच आरोग्य योजनेतले सायकलवरून पडलेले कुणीही, दवाखान्यात गेलेले असोत वा नसोत. त्यात डोक्याच्या इजेत ८५ टक्के घट निघाली, नंतरच्या एकत्रित अभ्यासांत हा आकडा खाली आला. मोटरसायकल हेल्मेटसाठी २००८ च्या कोक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा) डोक्याच्या इजेत ६९ टक्के आणि मृत्यूत ४२ टक्के घट आहे. हे यासाठी सांगतोय की 'हेल्मेट उपयोगी आहे का' हा प्रश्न आता शिळा झालाय. तुमच्याकडे नवीन काय आहे ते शोधा: पट्टा न लावलेलं हेल्मेट, अर्ध्या डोक्याचं हेल्मेट, मागे बसणारे, लहान मुलं. यातलं एक घेतलंत तर प्रबंध वाचला जाईल.

जागेवर गेलेल्यांचं काय? मूळच्या उदाहरणात बिनहेल्मेटच्या १०० मधले २५ आणि हेल्मेटच्या ४० मधले ५ रस्त्यातच गेले असं धरलं तर तुमच्याकडे ७५ आणि ३५ येतील, ऑड्स रेशो ०.४७, म्हणजे हेल्मेट आहे त्यापेक्षा कमी कामाचं दिसेल. उपाय एकच, पोस्टमॉर्टेमचं रजिस्टर. आठवड्यातून एकदा तिथे जायचं आणि दुचाकीवाले वेगळे काढायचे. गाईडना आवडणार नाही, शवागाराच्या क्लार्कलाही नाही, पण जमत असेल तर करा, आणि नसेल जमत तर 'मर्यादा' या मथळ्याखाली फक्त 'मृत व्यक्ती वगळल्या' असं न लिहिता निकाल कुठल्या बाजूला सरकलाय तेही लिहा. दिशा लिहिणारा विद्यार्थी मला वर्षात एखादाच भेटतो.

आता सगळ्यात दुखरी जागा, 'हेल्मेट होतं का' हा रकाना. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे माझे स्वतःचे हात भाजलेत.

सुरुवातीच्या काळात आमचा फॉर्म होता: हेल्मेट, हो किंवा नाही. सहा महिन्यांचा डेटा झाला, आणि एका रात्री मी सहज ड्यूटीवर असताना एका पेशंटच्या भावाने पिशवीतून हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, हे बघा, हेल्मेट होतं, तरी असं झालं. फॉर्मवर इंटर्नने 'हो' केलेलं होतं. मी हेल्मेट उलटसुलट करून बघितलं. एक ओरखडा नाही. पट्ट्याच्या बक्कलला दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी अजून तशीच होती, म्हणजे ते बक्कल आयुष्यात एकदाही लागलं नव्हतं. हळूच विचारल्यावर भाऊ म्हणाला, हँडलला अडकवलेलं होतं. खोटं तो बोलला नव्हता, हेल्मेट 'होतं'च. आमचा प्रश्नच चुकीचा होता. त्या सहा महिन्यांतले किती 'हो' हँडलला अडकवलेले होते हे आता देवाला माहीत, तो सगळा डेटा आम्ही या प्रश्नासाठी बाजूला ठेवला.

त्यानंतर फॉर्मवर आलं ते असं: पडायच्या क्षणी हेल्मेट डोक्यावर होतं का, पट्टा लावलेला होता का, पडल्यावर डोक्यावरच राहिलं की उडालं, प्रकार कुठला (पूर्ण चेहरा झाकणारं, अर्धं, कामगारांची टोपी), आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणी सांगितलं. पेशंट बेशुद्ध, नातेवाईक घटनास्थळी नव्हतेच, ते आपलं मनाचं सांगणार, शिवाय विमा आणि पोलीस डोक्यात असतात. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी प्रत्यक्ष बघितलेलं असतं, ते निघून जायच्या आत दोन मिनिटं त्यांना पकडा. हेल्मेट सोबत आलं असेल तर आतूनबाहेरून फोटो काढा. आणि 'माहीत नाही' हा पर्याय वेगळा ठेवा, कृपा करून त्याला 'नाही' मध्ये ढकलू नका. एका ठिकाणी संगणकाच्या रजिस्टरमध्ये हा रकाना रिकामा सोडला की आपोआप 'नाही' धरला जायचा. आता विचार करा, रकाना कुणाचा रिकामा राहतो? ज्याच्याकडे विचारायला वेळ नव्हता, जो थेट ऑपरेशनला गेला, म्हणजे सगळ्यात गंभीर. सगळ्यात गंभीर पेशंट आपोआप बिनहेल्मेटचे झाले आणि हेल्मेट एकदम चमत्कारी औषध निघालं. कुणालाच शंका आली नाही कारण उत्तर सगळ्यांना आवडणारं होतं!

निकालाच्या बाजूलाही तेच. 'डोक्याला मार' म्हणजे नक्की काय? टाळूवर दोन टाके आणि मेंदूत रक्तस्राव हे एकाच रकान्यात आले तर अभ्यासाला अर्थ नाही. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याचे मार्क, १९७४ पासूनचं, ३ ते १५, ते सगळे लिहितात, पण प्यायलेल्या पेशंटचं ते खोटं खाली दिसतं आणि श्वासाची नळी टाकलेल्याचं बोलण्याचे मार्क मिळतच नाहीत, म्हणून आल्या-आल्याचं, नळी टाकायच्या आधीचं आणि वेळ टाकून लिहा. मी केस ठरवायला एआयएस वापरतो, प्रत्येक इजेला १ ते ६ अशी तीव्रता देणारं कोष्टक, आणि डोक्याची इजा ३ किंवा वर असेल तर गंभीर धरतो. एकूण तीव्रतेसाठी आयएसएस आहे, शरीराचे सहा भाग, त्यातल्या सगळ्यात वाईट तीन भागांचे आकडे घ्यायचे आणि वर्ग करून बेरीज करायची. डोकं ४, छाती ३, पाय २ असेल तर १६ अधिक ९ अधिक ४, झाले २९. कमाल ७५. पण तुमच्या कामात त्याची एक अडचण आहे, एका भागातली एकच इजा धरतात, म्हणजे डोक्यात दोन वेगवेगळे रक्तस्राव असले तरी मोजला जाणार एकच. डोक्यावरच्या अभ्यासात आयएसएस मुख्य निकाल म्हणून ठेवू नका, वर्णनापुरतं असू द्या. कंट्रोललाही हीच तीव्रतेची अट लावा. केस गंभीर आणि कंट्रोल नखाला लागलेले असं झालं तर मघाशी म्हटलेला जोर कटण्याचा फायदा गेला.

अजून एक बारीक गोष्ट, सीटी स्कॅन. हेल्मेट होतं म्हटल्यावर डॉक्टर जरा निर्धास्त होतात आणि स्कॅन टाळतात, नव्हतं म्हटलं की लगेच पाठवतात. मग छोटे रक्तस्राव बिनहेल्मेटवाल्यांतच सापडणार, शोधले त्यांच्यातच गेले ना. स्कॅन कुणाला करायचा याचे निकष आधी लिहून ठेवा आणि फिल्म वाचणाऱ्याला हेल्मेटची माहिती देऊ नका. मृत्यू धरणार असाल तर ३० दिवसांपर्यंतचा धरा, आंतरराष्ट्रीय तुलनेत हीच मुदत चालते, आणि नातेवाइकांनी मर्जीने घरी नेलेल्या पेशंटना तिसाव्या दिवशी फोन करा, ते 'बरे झाले' असं धरू नका. बऱ्याचदा झालेले नसतात.

रिग्रेशनकडे वळू. काय-स्क्वेअर चालेल पण ती एकटी पुरणार नाही, गाईड बरोबर आहेत, लॉजिस्टिक करा. फक्त मॉडेलमध्ये काय टाकायचं हे सॉफ्टवेअरला विचारू नका. वय, दारू, चालवणारा की मागे बसलेला, धडक कशाशी झाली (दुसरं वाहन, खांब, नुसतंच घसरणं), रस्त्याचा प्रकार, दिवस की रात्र, ही हेल्मेटच्या आधीची किंवा बाजूची कारणं, ती घ्या. कोमा स्केल, आयसीयू, ऑपरेशन झालं का, ही हेल्मेटच्या नंतरची पायरी आहे, ती घेतली की तुम्ही हेल्मेटचा परिणाम स्वतःच्या हाताने पुसता. मला दाखवायला आणलेल्या एका प्रबंधात हेल्मेटचा काहीच परिणाम नाही असं निघालं होतं, मॉडेल उघडलं तर त्यात 'आयसीयूत भरती' बसलेलं. काढल्यावर परिणाम हजर. आणि दारू सगळ्यांची मोजा, वास आला त्यांचीच मोजली तर तो दारूचा डेटा राहत नाही, डॉक्टरांच्या नाकाचा होतो.

दारूवरून आठवलं, हे थोडं विषयांतर आहे पण कंट्रोल निवडण्याचा सगळ्यात चांगला धडा मला इथे मिळाला. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९६२-६३ मध्ये अपघात झालेल्या जवळपास सहा हजार ड्रायव्हरांची आणि अपघात न झालेल्या साडेसात हजारांची श्वासातली दारू मोजली. रक्तातलं प्रमाण वाढेल तसा धोका झपाट्याने चढतो हे त्यातून पक्कं झालं. पण त्याच आलेखात एक विचित्र खळगा होता, अगदी थोडी घेतलेले ड्रायव्हर अजिबात न घेतलेल्यांपेक्षा सुरक्षित दिसत होते! लोकांनी त्याचा हवा तसा अर्थ लावला. नंतर किती वेळा पितात यानुसार गट पाडून बघितलं तर प्रत्येक गटात दारूबरोबर धोका चढतच होता. अजिबात न पिणाऱ्यांत फार तरुण, फार म्हातारे आणि कमी गाडी चालवणारे जास्त भरले होते, त्यांचा मुळातला धोकाच जास्त. गट एकत्र केले की खळगा, वेगळे केले की गायब. तुमच्या हेल्मेटच्या आकड्यांत असा खळगा दिसला तर आनंदाने उड्या मारायच्या आधी गट पाडून बघा.

आणि माणसामाणसांतला हा फरक अजिबातच नको असेल तर माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. मोबाईल आणि अपघाताचा टोरांटोतला असा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला, ६९९ ड्रायव्हर, अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत फोन चालू होता का हे बिलाच्या नोंदींवरून बघितलं, आणि त्याच माणसाची आदल्या दिवसाची तीच वेळ कंट्रोल धरली. धोका चारपट निघाला, आणि हँड्सफ्रीने काही फायदा झाल्याचं दिसलं नाही. गोम एकच होती, आदल्या दिवशी त्या वेळी तो गाडी चालवत होता का? घरी बसलेला माणूस कंट्रोल कसा होईल, म्हणून त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागली. हेल्मेटला ही पद्धत बसत नाही, कारण हेल्मेट डोक्याचा मार टाळतं, अपघात टाळत नाही, आणि इथे तुलना 'आज अपघात, काल नाही' अशी आहे. पण तुमच्याकडे दुसरी जोडी आहे. एकाच गाडीवर पुढे एक, मागे एक, एकाने घातलंय आणि दुसऱ्याने नाही. गाडी तीच, वेग तोच, खांब तोच. अशा जोड्या वेगळ्या नोंदवा. दीड वर्षात कदाचित तीस-चाळीसच मिळतील आणि त्यावर प्रबंध उभा राहणार नाही, शिवाय पुढचा आणि मागचा सारखे आपटत नाहीत, पण एक टेबल नक्की होईल, आणि माझ्या मते तेच टेबल परीक्षक सगळ्यात जास्त वेळ बघतील.

सॅम्पल साइज, एवढ्यात विसरलो नाही. ती कशावर अवलंबून आहे तर कंट्रोलमध्ये हेल्मेट किती जण घालतात यावर, आणि ते तुमच्याकडे किती आहे हे मला माहीत असायचं कारण नाही. कंट्रोलमध्ये ३० टक्के घालत असतील, ऑड्स रेशो ०.५ पकडायचा असेल, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात साधारण १८६ लागतात. पण हेल्मेट ५ टक्केच घालत असतील तर तेच ९६० च्या घरात जातं! म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलू नका. आधी दोन आठवडे फक्त कंट्रोलमधलं हेल्मेटचं प्रमाण मोजा, मग सूत्रात घाला. केस कमी पडत असतील तर एका केसला दोन कंट्रोल घ्या, तीन-चारच्या पुढे फायदा जवळपास थांबतो. अर्धवट फॉर्मसाठी १५-२० टक्के वर धरा. आणि मॉडेलमध्ये एका घटकामागे निदान दहाएक केस असाव्यात हा जुना ठोकताळा आहे, काटेकोर नाही, पण साठ केसवर पंधरा घटक टाकणाऱ्याला थांबवायला पुरतो.

कुणीतरी सांगेल की त्यापेक्षा पोलिसांचा डेटा घे. घ्या, पण दोन गोष्टी. त्यातला 'अपघाताचं कारण' हा रकाना संशोधनाला जवळपास निरुपयोगी आहे, कारण तो चूक कुणाची हे ठरवायला भरलेला असतो आणि 'चालकाचा निष्काळजीपणा' लिहिलं की काम संपतं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचे १९६६ सालचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन यांनी याला साधा पर्याय दिला होता, एक तक्ता, आडवे रकाने माणूस, वाहन, परिसर, आणि उभे टप्पे अपघाताआधी, अपघात होताना, नंतर. एक केस घेऊन त्या नऊ चौकटी भरून बघा, निष्काळजीपणाची चौकट एकच असते.

दुसरी गोष्ट, दोन याद्या जुळवून एकूण मृत्यू किती असतील याचा अंदाज काढता येतो. पोलिसांच्या यादीत १२०, हॉस्पिटल आणि शवागाराच्या यादीत ९०, दोन्हीकडे असलेले ६०, तर १२० गुणिले ९० भागिले ६०, अंदाज १८०. सोपं दिसतं. आता नावांच्या स्पेलिंगमुळे त्या ६० पैकी १० जुळलेच नाहीत असं धरा, अंदाज झाला २१६, छत्तीस माणसं निव्वळ टायपिंगमधून निर्माण झाली. आणि उलट बाजूने, हॉस्पिटलच पोलिसांना कळवत असेल तर याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, सामाईक नावं जास्त निघतात आणि अंदाज कमी येतो. नाव, वय, तारीख, ठिकाण अशा निदान तीन-चार गोष्टींवर जुळवा आणि शंकेच्या जोड्या दोघांनी वेगवेगळ्या तपासा. तुमच्या प्रबंधात मात्र हे घुसवू नका, हा वेगळा विषय आहे.

तसाच स्पीडब्रेकरही. माझं मत, नको. स्पीडब्रेकर त्या चौकात का झाले? कारण मागच्या वर्षी तिथे फार अपघात झाले. ज्या चौकात एखाद्या वर्षी योगायोगाने जास्त अपघात होतात तिथे पुढच्या वर्षी काहीही न करता ते कमी होतात, आकडा आपल्या सरासरीकडे परत येतो, आणि श्रेय स्पीडब्रेकरला जातं. हे टाळायला कितीतरी वर्षांचे आकडे, तसेच दुसरे चौक आणि त्यानुसार सुधारलेले अंदाज लागतात, एका चौकात दीड वर्षात ते होत नाही. फारच हौस असेल तर अपघात मोजू नका, वेग मोजा. सरासरी वेग आणि मृत्यू यांचं नातं साधारण चौथ्या घाताचं असतं असा स्वीडनचे रस्ता सुरक्षा संशोधक निल्सन यांचा नियम आहे, म्हणजे सरासरी वेग ५ टक्के उतरला तर प्राणघातक अपघात अंदाजे १९ टक्के उतरतात. वेग तासाभरात शेकडो गाड्यांचा मोजता येतो, मृत्यूंची वाट बघत बसायला लागत नाही.

एथिक्स कमिटीपुढे एक प्रश्न नक्की येईल, बेशुद्ध पेशंटची संमती कशी घेणार. आम्ही नातेवाइकांची तात्पुरती घेतो आणि शुद्धीवर आल्यावर पेशंटची परत घेतो, तो नाही म्हणाला तर त्याचा फॉर्म काढून टाकतो. दारूचा आणि हेल्मेटचा रकाना केस पेपरवर लिहू नका, वेगळ्या कागदावर नंबर टाकून ठेवा. एकदा का लोकांना वाटलं की हे उत्तर पोलिसांकडे किंवा विमा कंपनीकडे जाणार, की त्या दिवसापासून सगळ्यांनीच हेल्मेट घातलेलं असतं.

फॉर्म एका पानाचा ठेवा, रात्री तीन वाजता इंटर्न भरणार आहे हे धरून. पहिले वीस भरून झाले की बाकीचं सोडा, 'कुणी सांगितलं' एवढा एक रकाना वर-खाली बघा. तो वीसपैकी बारा वेळा रिकामा असला तर प्रोटोकॉल पाठवायची घाई नको, फॉर्म मला दाखवा, आपण प्रश्नांची मांडणी बदलून बघू.